जुन्या क्लबात बाराही महिने वर्दळ राहावी, यासाठी काय करता येईल?

सदरबझारकर (प्रश्न)

नमस्कार. साताऱ्यातल्या एका जुन्या क्लबाचे मानद सचिवपद एप्रिलमधल्या वार्षिक सभेत माझ्याकडे आले. दुसरे कोणी हात वर केला नाही, म्हणून ते आले, हे आधीच सांगून टाकतो. शंभरी ओलांडलेली दगडी इमारत, पुढे व्हरांडा, मागे मुरमाची दोन टेनिस कोर्टे, बिलियर्ड्सची एक खोली, पत्त्यांची एक खोली आणि वडाखाली थोडे मैदान, एवढी आमची मालमत्ता आहे. नावाला सभासद पुष्कळ आहेत, परंतु रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात रमीची तीन टेबले भरतात आणि बाकी सारा क्लब अंधारात असतो.

मे महिन्यात मुलांचे शिबिर होते, 31 डिसेंबरला जेवण होते आणि या दोहोंच्या मध्ये काहीच होत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोर्टांवर चिखल असतो. बिलियर्ड्सच्या खोलीचे दार उघडले की ओलसर वास नाकात शिरतो आणि टेबलाच्या कापडावर, एका कोपऱ्यात, पांढरी बुरशी धरलेली मी स्वतः बोटाने पुसली आहे.

कार्यकारिणीत दोन मते आहेत. एका गटाचे म्हणणे असे, की मैदान लग्नसमारंभांना भाड्याने द्यावे, म्हणजे पैशाचा प्रश्न सुटेल. दुसऱ्या गटाला कशालाच हात लावायचा नाही. मला या दोन्ही वाटा पसंत नाहीत, कारण क्लब म्हणजे सभासदांनी एकत्र येऊन खेळण्याची, बसण्याबोलण्याची जागा, असे मी मानतो. बाराही महिने लोक यावेत, आणि केवळ साठीच्या पुढचे नव्हे, तर त्यांच्या घरातली माणसेही यावीत, यासाठी कोणी प्रत्यक्ष काही करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

वेण्णाकाठ

आपल्या प्रश्नातला 'बाराही महिने' हा शब्द मला थोडा अडखळवतो. आपल्याकडचे हे जुने क्लब बारमाही चालावेत म्हणून बांधलेलेच नव्हते. महाबळेश्वरचेच उदाहरण घ्या. सर जॉन माल्कम यांनी 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा मिळवली आणि पुढे तिथे मुंबई इलाख्याच्या सरकारचा उन्हाळी मुक्काम पडू लागला. सरकारचा क्रम ठरलेला असे : उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई. 1881 मध्ये महाबळेश्वरचा क्लब स्थापन झाला तो या उन्हाळी मंडळींसाठी. पावसाची चाहूल लागली की बंगल्यांच्या भिंतींना गवताचे झाप बांधायचे, सामान गुंडाळायचे आणि घाट उतरायचा, अशी रीत होती. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या डोंगरावर दुसरे करणार तरी काय? म्हणजे ऋतू बदलला की क्लब तिथेच राही आणि माणसे दुसऱ्या गावच्या क्लबात जात. आपण मात्र बाराही महिने साताऱ्यातच राहणारी माणसे आहोत, तेव्हा एकाच इमारतीला तिन्ही ऋतूंची कामे वाटून द्यावी लागतील.

माझा अनुभव पलीकडच्या तालुक्यातल्या एका लहान क्लबाचा आहे. आम्ही प्रथम एक गोष्ट केली : पावसाळ्यात कोर्ट चालू ठेवण्याचा हट्ट सोडला. पूर्वी दर जुलैत दोन दिवस ऊन पडले की कोणीतरी खेळायला उतरे, बुटांचे खड्डे पडत आणि ऑक्टोबरात दुरुस्तीचा खर्च दुप्पट होई. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात जाळे काढून ठेवतो आणि फाटकाला कुलूप घालतो. पाऊस ओसरला की वरचा थर खरवडून नवा बारीक मुरूम पसरतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो आणि शेवटी शेणाचा पातळ सडा देतो. हे सारे नवरात्रापूर्वी उरकते. खंडेनवमीला रॅकेटा, बिलियर्ड्सच्या काठ्या आणि तो जुना लोखंडी रोलर यांना झेंडूची फुले वाहतो आणि दसऱ्याच्या संध्याकाळी पहिला सेट खेळतो. या एका दिवसाला जेवढे सभासद कुटुंबासह येतात, तेवढे 31 डिसेंबरलाही येत नाहीत, कारण त्या दिवशी काहीतरी सुरू होत असते.

पावसाळ्याचे चार महिने घरात बसून खेळायच्या खेळांचे आणि पायी भटकण्याचे. साताऱ्याहून कास पठार जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे आणि ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुले असतात. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा क्लबाने आधी नोंदणी करून मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जावे. निवृत्त सभासदांना वार कोणताही चालतो, हा आपला मोठा फायदा आहे. आम्ही वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बरोबर नेतो. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा का फुलते, हे ऐकायला चौदा वर्षांची मुलेसुद्धा छत्रीखाली उभी राहतात, हे मी पाहिले आहे. डिसेंबर-जानेवारीत टेनिसचे सामने आणि फेब्रुवारीत भिलार-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या मळ्यात एक दिवस, एवढ्यावर आमचे वर्ष भरते. दर महिन्याला एक कार्यक्रम हवाच, असा नियम करू नका. आम्ही केला होता, आणि पाचव्या महिन्यात आयोजक थकले.

मार्करचा_मुलगा

माझे वडील तीस वर्षे एका क्लबात मार्कर, म्हणजे बिलियर्ड्सचे गुण मोजणारे आणि टेबलाची निगा राखणारे, होते. क्लबाचे नाव लिहीत नाही, कारण शेवटची काही वर्षे त्यांना पगार वेळेवर मिळाला नाही आणि तो विषय इथला नाही. परंतु आपण कापडावरची बुरशी 'बोटाने पुसली' असे लिहिले आहे, ते वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

बुरशी पुसायची नसते, ती झाडायची असते, आणि तीही एकाच दिशेने. टेबलाच्या लोकरी कापडाला लव असते आणि ती बॉक रेषेच्या, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या आडव्या रेषेच्या, टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे झुकलेली असते. ब्रश त्याच दिशेने फिरवायचा, इस्त्रीही त्याच दिशेने. उलट हात मारला की लव उभी राहते आणि सावकाश जाणारा बॉल शेवटच्या हातभर अंतरात वाकडा वळतो. वडील रोज दुपारी चार वाजता ब्रश घेत, आधी कडांच्या खालचा खडू झाडत आणि मग लांब, न थांबणारे हात मारत. इस्त्री आठवड्यातून एकदा. ती तापली, की प्रथम जुन्या वर्तमानपत्रावर फिरवून पाहत. कागद पिवळा पडला तर थांबायचे. मला लहानपणी त्या इस्त्रीला हात लावायची परवानगी नव्हती, कागद धरायची होती.

आपले टेबल जुने, पूर्ण मापाचे म्हणजे साधारण बारा फूट बाय सहा फुटांचे असेल, तर कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जाड फरश्या असतील. सहसा त्या पाच असतात आणि सगळ्या टेबलाचे वजन टनाच्या पुढे जाते. म्हणून टेबल हलवून खोली 'मोकळी' करण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर तो हाणून पाडा. एकदा सांधे हलले, की फरश्या पुन्हा पाणसळीत बसवणारा कारागीर पुण्या-मुंबईहून आणावा लागतो. ओल ही टेबलाची खरी शत्रू आहे. कापड दमट झाले की बॉल जड चालतो आणि खेळणारा काठीला दोष देतो. वडील पावसाळ्यात टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर उंच, साठ वॅटचे दोन दिवे तारेच्या पिंजऱ्यात दुपारभर जळत ठेवीत. मोठ्या स्पर्धांत दगडाखाली विजेचे हीटर लावतात, त्याचाच हा गरिबाघरचा प्रकार. रात्री मात्र दिवे बंद, आणि कोणी माणूस नसताना दिवे लावायचे नाहीत.

राहिला प्रश्न माणसांचा. पावसाळ्यात क्लबात काय करावे, असे विचारता, तर स्नूकर हा खेळच पावसाळ्याने दिला आहे. 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत, पावसामुळे अडकून पडलेल्या अधिकाऱ्यांत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून तो सुरू केला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. आणि या खेळात आपण काही परके नाही. भारताला 1958 मध्ये हौशी बिलियर्ड्सचे पहिले जगज्जेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. टेबल नीट करा, एक मार्कर ठेवा, त्याला वेळेवर पगार द्या आणि आठवड्यातून दोन दुपारी महाविद्यालयीन मुलांना अल्प शुल्कात शिकवा. आजकालच्या मुलांना स्नूकर ठाऊक आहे. ती गाळ्यांतल्या पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळतात. आपल्याकडे असले टेबल आहे, हे त्यांना माहीत नाही, एवढेच.

कृष्णाकाठची

सदरबझारकर काका, मी सांगलीची आहे आणि आपला प्रश्न वाचताना मला एक शब्द शोधूनही सापडला नाही : स्त्रिया. 'त्यांच्या घरातली माणसे' यात त्या आल्या असतील, तर नेमकी तिथेच अडचण आहे.

माझ्या सासूबाई चाळीस वर्षे एका क्लबात बॅडमिंटन आणि नंतर पत्त्यांतला ब्रिज खेळल्या. सासरे गेले आणि तेराव्या दिवसानंतर महिन्याभरात पत्र आले, की सभासदत्व पतीच्या नावे असल्याने ते संपुष्टात आले आहे, पुढे यायचे असल्यास नवा अर्ज करून प्रवेशशुल्क भरावे. त्यांनी पत्र वाचले, घडी घातली आणि देवघराच्या खणात ठेवले. त्या पुन्हा कधी क्लबात गेल्या नाहीत. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. नियमावलीत तसे लिहिले होते आणि ते कोणी बदलले नव्हते. म्हणून माझी विनंती अशी, की कार्यक्रम ठरवण्याआधी आपली नियमावली काढून पाहा. पत्नीला सभेत स्वतःच्या मताचा हक्क आहे का? अविवाहित स्त्रीला अर्ज करता येतो का? सभासदाच्या मागे त्याच्या पत्नीचे, किंवा सभासद स्त्रीच्या मागे तिच्या पतीचे, सभासदत्व आपोआप चालू राहते का? हे तीन बदल सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतले, तर निम्मा क्लब आपोआप भरेल.

खेळांच्या बाबतीत बॅडमिंटनचा विचार जरूर करा. 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीत या खेळाचे नियम बांधले गेले आणि काही काळ इंग्रज त्याला 'पूना' याच नावाने ओळखत. आमच्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत आणि मग बॅडमिंटनकडे वळून 1956 मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. आपल्या सभागृहाचे छत पुरेसे उंच असेल, तर पावसाळ्यात आठवड्यातून तीन सकाळी फक्त स्त्रियांसाठी कोर्ट राखून ठेवा. संध्याकाळची वेळ देऊ नका, त्या वेळी घरी कुकर लावायचा असतो. हे बदलायला हवे हे मान्य, परंतु तोवर सकाळचे कोर्ट तरी मिळू द्या.

आणि श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांना 'घरगुती' म्हणून बाजूला सारू नका. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या क्लबात ते ठेवले, तेव्हा पत्त्यांच्या खोलीतले ज्येष्ठ सभासद प्रथम आवाजाची तक्रार करायला बाहेर आले आणि मग व्हरांड्यात खुर्च्या ओढून झिम्मा संपेपर्यंत बसून राहिले.

चार_नो_ट्रम्प

रमीच्या तीन टेबलांना कमी लेखू नये, एवढ्यासाठी लिहितो. तीच मंडळी रोज दिवा लावतात. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच म्हटले आहे. पण त्याच निकालात असेही आहे, की क्लब जर डावांतून नफा कमावू लागला, तर गोष्ट वेगळी ठरू शकते. म्हणून पत्त्यांच्या खोलीचे शुल्क किती आणि कशासाठी घेता, हे वहीत स्वच्छ लिहिलेले असावे.

त्या तीन टेबलांपैकी दोन टेबलांना हळूच ब्रिजकडे वळवा, आणि तोही डुप्लिकेट ब्रिज. यात पाने वाटून झाली, की तेच हात बोर्डात घालून पुढच्या टेबलाकडे जातात. प्रत्येक जोडीला तीच पाने खेळावी लागतात, त्यामुळे 'मला पानेच आली नाहीत' ही सबब उरत नाही. खेळ संपल्यावर अर्धा तास जी चर्चा होते, तिच्यासाठीच लोक दुसऱ्या दिवशी येतात. वयाची चिंता नको : 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये पुरुष जोडीचे सुवर्ण मिळवणारे प्रणव बर्धन साठ वर्षांचे होते आणि त्यांचे जोडीदार शिवनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे.

लग्नांविषयी एकच वाक्य : रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वरात मात्र साडेअकराला येते आणि पोलीस ठाण्यात उत्तर द्यायला सचिवाला जावे लागते.

दूरचा_सातारकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या बोस्टनजवळ राहतो. इथून जवळच ब्रुकलाइन या गावी 'द कंट्री क्लब' याच नावाचा क्लब आहे. तो 1882 चा, म्हणजे महाबळेश्वरच्या क्लबाहून एका वर्षाने धाकटा. तो सुरू झाला घोडे, रपेट आणि गावाबाहेरची हवा यांसाठी. गोल्फ तिथे 1893 मध्ये आला, तोही आधी अवघ्या सहा खळग्यांचा. इथे हिवाळ्यात सारे मैदान बर्फाखाली जाते, म्हणजे तुमच्या चिखलाला आमचा बर्फ. त्यावर त्यांनी हिवाळ्याचा वेगळा खेळ धरला : कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड गुळगुळीत दगड सरकवून खुणेच्या वर्तुळात थांबवायचा. उन्हाळ्याची माणसे वेगळी, हिवाळ्याची वेगळी, काही दोन्हीकडची, आणि जेवणघर मात्र एकच. वेण्णाकाठ यांनी ऋतूप्रमाणे कामे वाटण्याविषयी लिहिले आहे, त्याला हे जुळते.

परंतु या क्लबाची मला अधिक आवडणारी गोष्ट दुसरी आहे. 1913 मध्ये तिथे झालेल्या अमेरिकन खुल्या गोल्फ स्पर्धेत हॅरी व्हार्डन आणि टेड रे या त्या काळच्या मातब्बर ब्रिटिश खेळाडूंना फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी मुलाने हरवले. त्याचे घर क्लबाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे होते आणि लहानपणी तो तिथेच सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाहत असे. स्पर्धेत त्याची पिशवी दहा वर्षांच्या एडी लावरीने उचलली होती. हा क्लब पैसेवाल्यांचा होता आणि आजही आहे, त्यात संशय नाही, पण त्याचे नाव देशभर झाले ते कुंपणापलीकडच्या मुलामुळे.

आपल्याकडेही बॉल उचलून देणारी मुले असतातच. मी शाळेत असताना सदर बझारातल्या एका कोर्टाच्या तारेला नाक लावून उभा राहत असे. एकदा एका गृहस्थांनी कुंपणावरून बाहेर गेलेला चेंडू परत मागितला आणि 'धन्यवाद' म्हणून पुन्हा खेळू लागले. त्यांनी 'आत ये' म्हटले असते, तर मी गेलो असतो.

सदरबझारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी नियमावली काढली. कृष्णाकाठची यांचा अंदाज बरोबर निघाला : सभासदाच्या निधनानंतर पत्नीने 'सहा महिन्यांच्या आत' नवा अर्ज करावा, असे आमच्याकडेही लिहिलेले आहे आणि त्या कलमाखाली गेल्या कित्येक वर्षांत एकही अर्ज आलेला नाही. ते कलम वगळण्याचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घेतला आहे. कोर्टाचे जाळे आज काढले. ते काढताना रमीच्या टेबलावरून दोन जण उठून मदतीला आले, ही गोष्टही नोंदवतो. बॉल उचलणाऱ्या चार मुलांना दसऱ्यापासून सकाळी सात ते आठ कोर्ट मोफत द्यावे, असे मी सुचवले आहे. त्यावर एका सभासदांनी 'मग खेळायचे कोणी आणि बॉल उचलायचे कोणी?' असे विचारले. उत्तर अजून ठरायचे आहे.

मार्करचा_मुलगा, आपल्यासाठी एक प्रश्न. बिलियर्ड्सच्या टेबलाची जुनी इस्त्री सापडली. आमचा पहारेकरी गेली काही वर्षे तिने गणवेशाला इस्त्री करत होता. तळ गुळगुळीत आहे, पण एका कडेला नखाएवढा टवका उडालेला आहे आणि मूठ सैल झाली आहे. ही कापडावर चालेल, की टवक्याने लव उसवेल? आपण साताऱ्याच्या जवळपास असाल, तर एका रविवारी दुपारी चार वाजता येऊन पाहाल का? जुनी वर्तमानपत्रे काढून ठेवतो.